अर्धा ट्रक आधी

मूर्सव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
१९ ऑक्टोबर

प्रिय बब,

तुझा सफरचंदाचा मुरांबा पोचला. एक बरणी वाटेत फुटली आणि उरलेल्या दोनांतली एक लाइलने पळवली. म्हणाला, "कान गेल्यावर का होईना, व्हर्लिनला एक काम धड जमायला लागलं."

टीव्हीवर तू पाहिलं असशीलच, तरी माझ्या हातचं वाच. ट्रकच्या शर्यतींच्या यंदाच्या हंगामात आपण शेवटच्या आठांत आहोत. एकतीस तारखेला कॅनी क्रीकला आठांतले चार घरी जाणार आणि चार अंतिम शर्यतीला. लाइल चौथा आहे, पाचव्यापेक्षा तीन गुणांनी वर. तीन गुण म्हणजे तीन जागा. त्या अर्ध्या मैलाच्या वाटीसारख्या ट्रॅकवर तीन जागा एका वळणात जातात, हे तुला मी काय सांगणार.

लाइल आता सेहेचाळीसचा झाला. एकोणीस हंगामांत तो एकदाही अंतिम चौघांत गेला नाही. तू रेडिओवरून त्याच्या कानात होतास त्या चौदा वर्षांतही नाही, आणि मी आल्यापासूनच्या तीनांतही नाही. मालकाने सांगून टाकलंय की यंदानंतर टीम बंद. म्हणजे त्याला ही शेवटची खेप. परवा सगळे गेल्यावर ट्रकच्या दाराला हात लावून बराच वेळ उभा होता. मी पाहिलं आणि मागच्या मागे फिरले.

मला भीती वाटते, बब. ग्रँडस्टँडच्या छतावर चढले की माझे गुडघे अजून लटपटतात. लाइल घाईत असला की चुकून मला "व्हर्लिन" म्हणतो. मीही "हो" म्हणते. तुला काही सांगायचं असेल तर सांग, या वेळी मी मुकाट ऐकेन.

तुझी
नडीन

---

पॅटन्स होलो, टेनेसी
२३ ऑक्टोबर

सिस,

लाइलला म्हणावं, पुढच्या वर्षी त्याच्या वाट्याला फक्त सालं येतील.

गुडघे लटपटतात ते उत्तम. माझे चौदा वर्षं लटपटत होते. ज्याचे लटपटत नाहीत त्याने वर चढू नये, खाली उभं राहून चाकं बदलावीत. लोक आपल्याला हसतात, म्हणतात स्पॉटरचं काम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. हसू देत. आतल्या माणसाचं डोकं पट्ट्यांनी बांधलेलं असतं, आरसा थडथड उडत असतो, बाजूला कोण आहे ते त्याच्या बापाला दिसत नाही. तू "आत आहे" म्हणालीस की तो बाहेरच्या रांगेत राहतो. तू "मोकळं" म्हणालीस की तो डोळे मिटून खाली उतरतो. त्याला डोळे तूच.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, कॅनी क्रीकला "मोकळं" अर्धा ट्रक आधी म्हणायचं. शब्द त्याच्या कानात शिरून हात हलेपर्यंत ट्रक तेवढा पुढे सरकलेला असतो. सगळा ट्रक पुढे जाईपर्यंत थांबलीस तर वळण गेलं. लाइलला तीच सवय मी लावली आहे. दुसरी, नजर ट्रकवरून काढायची नाही. गुणांचा फलक वाचायला खाली दहा माणसं आहेत. तो आपला धंदा नव्हे.

मिलबर्न तुझ्या शेजारीच उभा असेल. यंदा तो टॅनर बॉगेसचा स्पॉटर आहे. ते बावीस वर्षांचं पोरगं आठांत नाही, त्याला गमवायला काही नाही, म्हणून जरा जपून. पण त्याच्या कानात मिलबर्न आहे म्हटल्यावर मला घोर नाही. चाळीस वर्षं ओळखतो मी त्याला. अजूनही दर रविवारी तीनला वही घेऊन येतो आणि शनिवारची सगळी शर्यत मला लिहून दाखवतो. कोण कुणाला काय म्हणालं तेही. अक्षर कोंबडीचे पाय, पण वाचता येतं. टीव्हीवर मी नुसती चित्रं बघतो. खाली अक्षरं लावली की नेमकी पुढच्या ट्रकांवर येतात, म्हणून ती बंद करून ठेवली आहेत.

कानाच्या डॉक्टरांकडे नवी मुलगी आली आहे, कुठल्या तरी मोठ्या शहरातली. तिने लिहून विचारलं, ट्रकच्या शर्यतीत मागे माल भरलेला असतो का. मी म्हटलं, बाई, आम्ही गवत वाहतो तसलेच पिकअप, फक्त इंजिन राक्षसाचं. त्याच राक्षसाने माझे कान खाल्ले. तिने ते सगळं तुझ्यासारखं गंभीर तोंड करून लिहून घेतलं.

जपून कर. तू करशील.

व्हर्लिन

---

पॅटन्स होलो
१ नोव्हेंबर

सिस,

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहितो आहे. मी सगळं पाहिलं. दोनशेपैकी एकशे सत्त्याऐंशीवी फेरी, तिसरं वळण. तेरा फेऱ्या उरल्या होत्या. लाइल बाहेरून त्या बॉगेस पोराला मागे टाकून खाली उतरला, आणि पोराच्या ट्रकच्या नाकाने त्याला मागच्या चाकापाशी उचललं. मग भिंत. ट्रक पुन्हा हलेना तेव्हा मी टीव्हीसमोर उभा होतो. केव्हा उठलो ते आठवत नाही.

चार वेळा दाखवलं. त्यावरून माझं म्हणणं ऐक. "मोकळं" ऐकल्याशिवाय लाइल खाली येत नाही. आजवर आला नाही. आणि जागा नसताना तू "मोकळं" म्हणणार नाहीस, हे मी माझ्या नावाइतक्या खात्रीने जाणतो. म्हणजे तू बोललीस तेव्हा जागा होती आणि त्या पोराने नंतर नाक खुपसलं. नवखं पोरगं स्वतःच्या मनाने असं करत नाही. त्याला कानातून कुणी तरी "दाब" म्हणालं. त्याच्या कानात कोण होतं ते तुला ठाऊक आहे.

आज तीनला आला होता वही घेऊन. मी दार उघडलं नाही. तेव्हा गृहस्थाने वहीचं पान खिडकीच्या काचेला लावलं. लिहिलं होतं, "व्हर्ल, चूक कुणाचीच नव्हती." मी पडदा ओढला. चूक कुणाचीच नव्हती असं सगळ्यांत आधी कोण म्हणतं, ते कळायला कान लागत नाहीत.

तू मनाला लावून घेऊ नकोस. जेवत जा. लाइलला सांग, मी त्याच्यासाठी रडलो. सांगितलंस तरी चालेल.

व्हर्लिन

---

मूर्सव्हिल
१२ नोव्हेंबर

प्रिय बब,

लिहायला उशीर झाला, माफ कर. डोकं ठिकाणावर नाही.

लाइलच्या दोन बरगड्यांना चीर गेली आहे, बाकी ठीक. टीव्हीवाल्यांनी माइक पुढे केला तेव्हा "शर्यत आहे, होतं" एवढंच म्हणाला. पुढच्या रविवारी मला जेवायला बोलावलं. त्याच्या बायकोने घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव केला होता. दोनदा वाढलं. शर्यतीचं नाव कुणी काढलं नाही. निघताना लाइलने माझं डोकं थोपटलं, तू लहानपणी थोपटायचास तसं. मला तिथून कधी एकदा निघते असं झालं.

तुझा निरोप सांगितला. त्याने मान फिरवली.

मिलबर्नवर इतका रागावू नकोस. छतावर सगळं फार पटकन होतं. तेही दमलेले असतात. बाकी भेटल्यावर बोलू. थँक्सगिव्हिंगला मात्र मला यायला जमेलसं दिसत नाही, इथे टीमचं सामान बांधायचं आहे.

तुझी
नडीन

---

पॅटन्स होलो
३० नोव्हेंबर

सिस,

तू फार मऊ आहेस. आईवर गेलीस. टर्की एकट्यानेच खाल्ली, अजून उरली आहे, कुत्रासुद्धा आता तोंड फिरवतो.

बुधवारी चर्चमधल्या जेवणाला गेलो होतो. मिलबर्न आणि त्याची बायको ओलिटा समोरच्याच टेबलावर. मी ठरवलं होतं गप्प बसायचं. पण त्याने माझ्या ताटाशेजारी ॲपल-पायचा तुकडा आणून ठेवला, जणू काही झालंच नाही, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. उठून उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर बोललो. म्हटलं, या माणसाने एका नवख्या पोराकरवी लाइल हॅगूडचा शेवटचा हंगाम भिंतीत घातला. माझ्या बहिणीने "मोकळं" म्हटलेल्या जागेत याने ट्रक घुसवला. चाळीस वर्षांच्या मित्राचा केसाने गळा कापला. मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्याने बोललो ते माहीत नाही. बहुधा बरंच मोठ्याने.

सगळे आपापल्या ताटात बघत होते. पाद्रीबुवासुद्धा. म्हणजे सगळ्यांना पटलं. ओलिटा उठून बाहेर गेली. तिच्यामागून मिलबर्न निघाला, जाता जाता त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी झटकला.

तुझ्या बाजूने कुणी तरी बोलायलाच हवं होतं. तू स्वतः बोलणार नाहीस, मला माहीत आहे.

व्हर्लिन

---

मूर्सव्हिल
२० डिसेंबर

प्रिय बब,

हातमोजे पाठवते आहे. आतून लोकर आहे, लाकडं फोडताना घाल. नाहीतर ठेवशील कपाटात जपून.

चर्चमध्ये असं बोलायला नको होतं, बब. माझ्यासाठी तर मुळीच नको होतं. मिलबर्न भले आहेत. त्यांना पुन्हा भेट, माझ्याखातर भेट.

तुला एक गोष्ट लिहायची आहे. तीनदा लिहून फाडली. नाताळ होऊन जाऊ दे, मग सावकाश लिहिते. तब्येत सांभाळ.

तुझी
नडीन

---

पॅटन्स होलो
१८ जानेवारी

सिस,

मोजे घातले. एकाला भोकही पाडलं, खूश हो.

तुझ्याखातर मी पुष्कळ करीन, पण मिलबर्नच्या दारात जाणार नाही. नाताळपर्यंत दर रविवारी येत होता. वाजवायचा नाही, मला ऐकू येत नाही हे त्याला माहीत आहे. नुसता पायरीवर पाच-दहा मिनिटं उभा राहायचा, टोपी हातात घेऊन. मी पडद्याआडून बघायचो. गेले तीन रविवार आला नाही. बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला. दुकानात कुणी तरी मला चिठ्ठीवर लिहून दिलं की त्याला बरं नाही. हिवाळ्यात कुणाला बरं असतं?

आता कामाचं. दुसऱ्या टीमने तुला विचारलं आहे, हे मला लाइलच्या नाताळच्या कार्डावरून कळलं. तू मला का नाही कळवलंस? हो म्हण. घराण्यात अशी नजर दोघांनाच मिळाली, त्यांतला एक बहिरा झाला. उरलेलीने घरात बसून स्वेटर विणू नये.

आणि काय लिहायचं होतं तुला? नाताळ होऊन महिना होत आला. या वयात लग्न-बिग्न करते आहेस की काय? असलास तर तो कोण आहे ते आधी सांग, ट्रकवाला नको.

व्हर्लिन

---

मूर्सव्हिल
२ फेब्रुवारी

प्रिय बब,

मी शनिवारी मिलबर्नच्या दफनाला आले होते. तुझ्या घरापासून चार मैलांवर उभी होते आणि तुझ्याकडे आले नाही. तू दिसशील म्हणून सगळीकडे पाहत होते.

शवपेटी उचलायला कोण कोण, हे मिलबर्ननी बायबलमध्ये लिहून ठेवलं होतं. सहा नावं. पहिलं तुझं. ओलिटाने तुला निरोप पाठवला होता म्हणाली. तू आला नाहीस तेव्हा तिच्या भावाने त्या जागी दुसरा माणूस उभा करायला घेतला, तर तिने करू दिला नाही. पाच जणांनीच उचलली. एका बाजूची पुढची कडी रिकामीच होती. लाइल मागे होता, त्याच्या बरगड्या अजून दुखतात. बर्फावरून चालताना पेटी सारखी त्या बाजूला कलत होती.

आता लिहिते. आज फाडणार नाही.

त्या फेरीला मी फलकाकडे पाहिलं. कुणी विचारलं नव्हतं. पाचवा ट्रक दोन जागा वर गेल्याचं खालून कानावर आलं होतं, आणि आपण अजून चौघांत आहोत की नाही ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. फलकावर दिसलं की आपण एका गुणाने आत आहोत. मला इतका आनंद झाला. तिथूनच नजर परत आणताना मी "मोकळं" म्हणाले. अर्धा ट्रक आधी म्हणायचं म्हणून म्हणाले, पण मी ट्रक बघितलाच नव्हता, बब. तिथल्या त्या वळणात टॅनरने वेग कमी केला असेल असं धरून चालले, सगळे करतात तसा. त्याने केला नव्हता. तो अजून लाइलच्या दारापाशी होता. मिलबर्ननी माझी बाही ओढली तोवर शब्द गेला होता. त्यांनी पोराला "दाब" म्हटलं नव्हतं. ते त्याला "थांब, थांब" ओरडत होते. मी शेजारीच उभी होते, मी ऐकलं.

आमच्या रेडिओवरचं सगळं रेकॉर्ड होतं. स्टँडमधल्या अर्ध्या लोकांनी ते आपापल्या हेडफोनवर ऐकलं. संध्याकाळी टीव्हीवर माझा आवाज तीनदा लावला. सगळ्या जगाला माहीत आहे की मी काय म्हणाले. तुमच्या चर्चमध्ये त्या बुधवारी ताटात बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. एका तुलाच ऐकू आलं नाही.

शर्यतीनंतरचं तुझं पहिलं पत्र आलं, "माझ्या नावाइतक्या खात्रीने" लिहिलेलं. म्हटलं, आठवड्याने सांगते. मग चर्चचं पत्र आलं. आता सांगितलं तर तू किती खजील होशील, या विचाराने आणखी गप्प बसले. करून सवरून नामानिराळी राहिले आणि शिव्या मिलबर्ननी खाल्ल्या. टीमला मी नाही म्हणाले. यापुढे मी कुणाचे डोळे होणार नाही.

माफ कर असं लिहायला हात उठत नाही. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

नडीन

---

पॅटन्स होलो
९ फेब्रुवारी

नडीन,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. टपालपेटीपाशी उभ्यानेच वाचलं, मग घरात येऊन वाचलं.

ओलिटाचा निरोप आला होता. तिच्या भाच्याने आणला. मी काळा सूट काढला, बूट पुसले, गळ्यात टाय बांधला आणि पलंगावर बसलो. दोन तास बसलो. मग सगळं उतरवून परत टांगून ठेवलं. म्हटलं, मेला म्हणून काय झालं, माझ्या बहिणीला त्याने जे केलं ते केलंच. हे असं मी मनात म्हणालो. तुझ्यासाठी.

फलकाचं ऐक. चौदा वर्षांत मी दोनदा पाहिला आहे. दोन्ही वेळा नजर वळवून "मोकळं" म्हणालो आणि दोन्ही वेळा आत कुणी नव्हतं. तुझ्यात नि माझ्यात एवढाच फरक. हे मी तुला कधी सांगितलं नाही, उलट नियम म्हणून ऐकवलं. तेव्हा त्या शब्दासाठी मी तुला त्याच रविवारी माफ केलं असतं, बसल्या जागी. तो शब्द पाव सेकंदाचा होता. पण पुढे तुझ्याकडे तीन महिने होते, नडीन. तेवढ्यात एक तिकीट लावता आलं असतं.

राग येतोय तो लिहिला. आता तो खाली ठेवतो, कारण निम्मा माझा आहे. एका माणसाने वही धरली होती आणि मी पडदा ओढला.

काल ओलिटाकडे गेलो. वाटलं दार लावून घेईल. तिने घेतलं आत. कॉफी दिली. मी तिच्या ओठांवरून वाचत होतो, ती सावकाश बोलत होती, मला जमेल अशी. म्हणाली, शर्यतीनंतरच्या पहिल्याच बुधवारी मी चर्चमध्ये नव्हतो तेव्हा मिलबर्नने सगळ्यांना बजावलं होतं, "व्हर्लिनला कुणी काही सांगायचं नाही. बहिणीकडूनच कळू दे त्याला. ती सांगेल, मुलगी सच्ची आहे. तोवर मी चार शिव्या खाल्ल्या तर माझं काय झिजतं?" म्हणून ते सगळे ताटात बघत होते.

डिसेंबरातच डॉक्टरांनी त्याला घराबाहेर पडायचं नाही असं सांगितलं होतं. छाती भरून यायची. तरी रविवारी येऊन उभा राहायचा. ओलिटा त्याच्याशी भांडली म्हणे, थंडीत मरायचंय का, खरं काय ते चिठ्ठीवर लिहून दाराखालून सरकव आणि मोकळा हो. तो टोपी घालत म्हणायचा, घाई काय आहे.

व्हर्लिन